माहेर, चहा-नाश्त्यासह

सासुरवाडीला जायला किमान वीस माणसं लागतात, ही गोष्ट चांगदेव सावे यांना वयाच्या बहात्तराव्या वर्षी फोनवरून कळली. पहिल्यांदा, म्हणजे मुलगी बघायला गेले तेव्हा, तिघंच होते. त्यातला तिसरा तर नुसता जिलबीसाठी आलेला.

"सर, आम्ही ग्रुप बुकिंगच घेतो," फोनवरची मुलगी म्हणाली. तिने आपलं नाव पायल सांगितलं होतं. "मिनिमम वीस."

"अहो, पण आम्ही दोघंच आहोत. नवरा-बायको."

"कपल पॅकेज नाहीये सर. प्री-वेडिंग शूट आहे, हवं असेल तर."

"आमचं वेडिंग झालंय. त्याच घराच्या अंगणात मांडव पडला होता. मी त्या घरचा जावई आहे."

पलीकडे टकटक ऐकू आली. मुलगी बहुधा संगणकात काहीतरी शोधत होती.

"सॉरी सर, जावई अशी कॅटेगरी दाखवत नाही. सिनियर सिटिझन टाकू?"

चांगदेवरावांनी फोन ठेवला. वीज मंडळात त्यांनी सारी नोकरी मीटरवरचे आकडे टिपण्यात घालवली. लोकांनी त्यांच्या तोंडावर दारं लावली, अंगावर कुत्री सोडली. वर्तकनगरात एका आजींनी त्यांना चोर समजून संध्याकाळपर्यंत जिन्याखाली कोंडून ठेवलं आणि मध्ये दोनदा चहाही दिला. हे सगळं त्यांनी सोसलं, कारण जगात कुठेतरी एक घर असं होतं की जिथे त्यांना पाटावर बसवून, पाटाभोवती रांगोळी काढून जेवायला वाढत. माणसाला असं एक घर पुरतं.

ते घर माडबंदरला होतं. वसईच्या पुढे खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे चुरींची वाडी होती. माड, पोफळी, केळी, रहाटाची विहीर, कौलारू घर. रंगूबाई त्या घरची एकुलती एक लेक. पुढे विहिरीला खारं पाणी लागलं, पोफळी वाळल्या, आणि रंगूबाईंच्या भावाने, दगडूने, वाडी विकून विठ्ठलवाडीत तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली. रंगूबाई तेव्हा रडल्या नाहीत. माहेर म्हणजे भाऊ, त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून दर गौरी-गणपतीत ठाकुर्लीहून विठ्ठलवाडीला माहेरपणाला जाऊ लागल्या. सकाळी जायचं आणि दिवेलागणीला परत. चांगदेवरावांच्या मते जगातलं सर्वांत आटोपशीर माहेर ते हेच.

वहिनी गेल्यावर प्रश्न आला की ओटी कोण भरणार. दगडूने शेजारच्या सिंधी बाईंना बोलावलं. तो मागे उभा राहून सांगायचा, "भाभी, पहले हळद. अब कुंकू. नहीं नहीं, नारळ की शेंडी उसकी तरफ." त्या बाई इतक्या तयार झाल्या की पुढे पुढे त्याच दगडूला चुका दाखवायच्या. ओटी भरून झाली की रंगूबाई पदरातले चार दाणे उचलून भावाच्या तांदळाच्या डब्यात टाकायच्या. चुरींच्या घरात तशी रीत होती. लेकीने सगळी ओटी न्यावी, पण चार दाणे मागे ठेवावेत, म्हणजे माहेराला कमी पडत नाही.

होळीच्या आधी दगडू गेला. भाच्याने जागा विकली आणि तो सुरतेला गेला.

यंदा गणपती आले आणि गेले. रंगूबाईंनी सगळं केलं, फक्त ओटीच्या नारळाच्या वड्या केल्या नाहीत. चांगदेवरावांनी चार दिवस वाट पाहून विचारलं.

"वड्या?"

"नारळ कुठाय?"

"बाजारात ढिगाने पडलेत की."

रंगूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं चुकीच्या घराचं मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे बघतात. आणि त्या कोथिंबीर निवडायला लागल्या.

तेव्हा चांगदेवरावांनी मनाशी ठरवलं की हिला एकदा त्या घरात नेऊन बसवायचं. मोबाईलवर माडबंदर शोधलं तर पहिलंच चित्र आलं ते सासूबाईंच्या जात्याचं. जात्यावर एक गॉगल घातलेली मुलगी बसली होती आणि खाली लिहिलं होतं : 'माडाची सावली – कृषी-कला-संस्कृती अनुभव केंद्र. विहीर, बैलगाडी, पारंपरिक ओटीभरण. चहा-नाश्त्यासह.'

ओटीभरण हा शब्द वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

रंगूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हातातली ताटली पुसून जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "येईन. पण ते घर माझं, हे कोणाला कळता कामा नये. चुरींची रंगू तिकीट काढून माहेरी गेली, असं कोणी म्हणायला नको."

चांगदेवरावांनी शब्द दिला. पुढे जे काही झालं ते या शब्दामुळे. एकीकडे वीस माणसं गोळा करायची आणि दुसरीकडे का ते सांगायचं नाही. राजकारणातल्या लोकांना हे जमतं, पण त्यांना भत्ता असतो.

श्रीकृपा सोसायटीत माणसं गोळा करायची तर सेक्रेटरी कमलेशला टाळता येत नाही. कमलेशला सहलींचा नाद होता. त्याने एकदा महाबळेश्वरची सहल इतकी काटेकोर आखली की कोणाला स्ट्रॉबेरी बघायला वेळच मिळाला नाही, पण स्ट्रॉबेरीवर व्याख्यान देणारे दोन गृहस्थ मात्र मिळाले. त्यातल्या एकाला तर परत यायला गाडी नव्हती, म्हणून तो ठाकुर्लीत दिवाळीपर्यंत राहिला असं सांगतात.

"काका, हे माझ्यावर सोडा," कमलेश म्हणाला. "मी गेलेलो ना माडबंदरला, मागच्या वर्षी. एवढ्या लांब फक्त एक वाडी बघायची? लोक हसतील."

"लोक कशाला हसतील? झाडं आहेत, विहीर आहे."

"झाडं कुठे पळून जातायत? ती शेवटी ठेवू."

सोसायटीच्या गच्चीवर सभा झाली. विसाचे बत्तीस झाले. कमलेशची बायको कल्पिता किटलीपासून हेल्मेटपर्यंत सगळ्यावर वारली चित्रं काढायची. तिने सहलीत वारली कार्यशाळा घातली. एका काकांनी शंख-शिंपल्यांचं संग्रहालय सुचवलं. कोणी म्हणालं, होड्या बांधतात ते बघू, मुलांना ज्ञान मिळेल. सहलीला एकही मूल येणार नव्हतं, तरी ठराव मंजूर झाला. मग सुक्या मासळीचा बाजार आला. सासऱ्यांची वाडी दिवसभरावरून दुपारवर आली आणि दुपारवरून 'परतीच्या वाटेवर, वेळ उरल्यास' इथे येऊन टेकली.

"वेळ उरल्यास कसं?" चांगदेवराव उठून उभे राहिले. "मूळ ठराव वाडीचा होता."

"काका, तुम्हाला त्या वाडीत एवढं काय आहे?" कमलेशने विचारलं.

बत्तीस डोकी वळली. रंगूबाई पुढच्या रांगेत बसून पदराच्या टोकाला पीळ देत होत्या.

"मला... बैलगाडी आवडते," चांगदेवराव म्हणाले.

त्या दिवसापासून सोसायटीतली पोरं जिन्यात त्यांना बघून "हुर्रर्र" करायला लागली.

सहलीचा दिवस उजाडला. रंगूबाईंनी हिरवी साडी नेसली होती. त्यांनी बरोबर एक रिकामी कापडी पिशवी घेतली. दगडूकडे जाताना नेहमी घ्यायच्या तीच, नारळ ठेवायला. चांगदेवरावांनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

घोडबंदर रोडला बस अशी अडकली की शेजारच्या ट्रकवाल्याची आणि कल्पिताची ओळख होऊन त्याच्या ट्रकच्या मागच्या फळीवर मोर काढून द्यायचं ठरलं. माडबंदरला पोचलो म्हणेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. संग्रहालयात शंखांची माहिती सांगणारे गृहस्थ नुकतेच सुरू झाले आणि दिवे गेले. अंधारात सगळ्यांना एकदम आठवण झाली.

"सावेकाका, तुम्ही मंडळातले ना? बघा जरा."

"मी मीटर वाचायचो. वायरला हात लावायची मला परवानगी नव्हती."

"मग वाचा मीटर," कोणीतरी अंधारातून म्हणालं, आणि सगळे हसले. चांगदेवरावांनी मोबाईलच्या उजेडात मीटर वाचलं. नोकरीत असताना इतकं निरर्थक वाचन त्यांनी कधी केलं नव्हतं. दिवे येईपर्यंत शंखवाले गृहस्थ बोलतच राहिले. एकेक शंख हातात देऊन चाचपायला लावत होते आणि अंधारात तो कोणाच्या हातात आहे हे त्यांना कळत नसल्यामुळे दर वेळी पहिल्यापासून सांगत होते.

वारली कार्यशाळेत कमलेश ओल्या चित्रावर बसला. फेर धरून नाचणारी माणसं त्याच्या पांढऱ्या पॅन्टवर इतकी हुबेहूब उमटली की कार्यशाळेच्या मालकांनी फोटो काढून घेतला. पुढे दिवसभर तो कुठेही पाठ करून उभा राहिला की मागचे लोक गप्प होऊन बघत राहायचे. होड्यांच्या कारखान्यात सुट्टी होती, तरी न झालेल्या होडीसमोर सगळ्यांनी फोटो काढले. मासळीबाजारातून कल्पिताने एवढे बोंबील घेतले की ड्रायव्हर म्हणाला, एक तर हे बसतील नाहीतर मी. तडजोड होऊन बोंबील टपावर गेले आणि बांधण्यात आणखी वेळ गेला.

चांगदेवराव दर ठिकाणी दारात उभे राहून लोकांना हाकत होते. "चला, चला, पुढे वाडी आहे."

"काकांना बैलगाडी खुणावतेय," लोक म्हणायचे.

रंगूबाई बसमध्येच बसून होत्या. त्यांनी शंख पाहिले नाहीत, चित्र काढलं नाही. मांडीवरच्या पिशवीची घडी त्या उलगडत होत्या आणि पुन्हा घालत होत्या. एकदा खिडकीतून एक पिंपळ गेला. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "इथून छकडा वळायचा." छकडा म्हणजे त्यांच्या वडिलांची दोन बैलांची हलकी गाडी.

वाडीच्या फाटकापाशी बस थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. फाटकावर नऊवारी नेसलेली, कानात वायर घातलेली मुलगी उभी होती. तीच पायल.

"वेलकम, राम राम. सगळ्यांनी हात पुढे करा, बँड लावायचाय. आपल्याकडे फक्त अर्धा तास आहे हं, नंतर क्लोजिंग."

याच फाटकात लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा सासऱ्यांनी चांगदेवरावांच्या मनगटाला घड्याळ बांधलं होतं. ते घड्याळ अजून त्याच मनगटावर होतं. पायलने त्याच्या शेजारी पिवळा कागदी पट्टा चिकटवला. त्याच्यावर 'नाश्ता १' असं छापलं होतं.

"काढू नका हं काका, नाहीतर चहा मिळणार नाही."

आत गोठ्याचं उपाहारगृह झालं होतं. पडवीत टांगलेल्या रोवळ्यांत दिवे होते. जात्यावर फोटोसाठी रांग लागली होती. फाटकाजवळच्या माडावर पाटी होती : 'फळे तोडू नयेत. दंड होईल.' रंगूबाई त्या माडापाशी थांबल्या आणि त्यांनी खोडाला हात लावला. हा माड दगडू जन्मला तेव्हा लावलेला.

"आजी, हात नका लावू प्लीज," पायल म्हणाली. "चला सगळे विहिरीकडे. इथली एक लव्हली स्टोरी आहे."

विहिरीपाशी बत्तीस माणसं गोल उभी राहिली. पायलने आवाज खाली आणला.

"या घराची एकुलती एक मुलगी होती. खूप सुंदर. तिचं लग्न झालं, ती खाडी ओलांडून सासरी गेली. आणि परत कधीच आली नाही. आईने इथे बसून वाट बघत प्राण सोडले. अजूनही अमावास्येला त्या मुलीच्या पैंजणांचा आवाज येतो."

कल्पिताच्या अंगावर काटा आला. तिने तो सगळ्यांना दाखवला.

"पैंजण कुठले," रंगूबाई पुटपुटल्या. चांगदेवरावांशिवाय कोणी ऐकलं नाही. "माझ्या पायातले चाळ मोडून घरावर कौलं घातली होती. आणि आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते."

"सांगू का हिला?"

"सांगू नका. कोणीतरी वाट बघतंय असं सांगतेय ना. सांगू दे."

मग ओटीभरण. माजघराच्या उंबऱ्याशी झेंडूच्या माळा लावलेला झोपाळा होता. बायका त्यावर बसायच्या, पायल हळद-कुंकू लावायची, ओटी भरायची, एक जण फोटो काढायचा आणि पुढची. सगळ्यांनी पुढे घुसून घेतलं. कल्पिताने दोनदा घेतलं, कारण पहिल्या फोटोत डोळे मिटले होते. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. टपावरच्या बोंबलांभोवती गावातली मांजरं जमली होती आणि त्याला एकट्याला ती आवरत नव्हती.

"काकी, चला, उशीर झालाय," कमलेश ओरडला.

"तिची ओटी राहिलीय," चांगदेवराव म्हणाले.

"अहो काका, फोटोच तर आहे. घरी बसून जोडून देतो मोबाईलवर."

चांगदेवरावांनी आयुष्यात कोणावर आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. ते कमलेशच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कमलेश, तू बसमध्ये जाऊन बस. पाठ करून जा, म्हणजे लोक तुझ्या मागे येतील." कमलेश वळला. पॅन्टवरच्या नाचणाऱ्या माणसांमागून बाकीचे हसत हसत निघून गेले. त्या दिवसातला हा एकच विजय.

माजघरात तिघंच उरली. रंगूबाई झोपाळ्यावर बसल्या नाहीत. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, डाव्या हाताच्या भिंतीशी त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी पदर पसरला.

"आजी, झोपाळ्यावर फोटो छान येईल."

"फोटो नको गं बाई. तू भर."

पायलने घड्याळ बघितलं, मग काय वाटलं कोण जाणे, तीही समोर मांडी घालून बसली. हळद लावली. कुंकू लावलं. तांदळाच्या ओंजळी घातल्या, खण ठेवला, त्यावर नारळ ठेवला. त्या नारळावर सीझनभराच्या कुंकवाचे थर बसले होते, इतके की देवळातला शेंदूर लावलेला धोंडाही त्याच्यापुढे फिका पडला असता. शेंडी चुकीच्या बाजूला होती. रंगूबाईंनी ती आपल्याकडे वळवून घेतली.

मग पायलने दर बाईला म्हणायची तशी तोंडपाठ वाक्यं म्हटली. "माहेर तुमचंच आहे. परत या हं."

रंगूबाईंचा हात नारळावर तसाच राहिला. हे वाक्य म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. माणसांनी भरलेल्या या घरात लहानपणापासून लेकींना निघताना ते म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं, स्वतःही ऐकून घेतलं होतं, आई होती तोवर आईकडून, मग वहिनीकडून, आणि शेवटी विठ्ठलवाडीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात चपला शोधत असलेल्या दगडूकडून.

"येते," रंगूबाई म्हणाल्या.

पायल उठली. साडी झटकली. "आजी, निघताना तो नारळ आणि खण त्या टेबलावर ठेवाल? तांदूळ घमेल्यात. उद्या शाळेची सहल आहे, परत लागतात."

चांगदेवराव पुढे आले. भरलेली ओटी परत ठेवायची. त्यांनी खिशात हात घातला, तिथे मळकी नोट, बसचा पास आणि किल्ली होती.

"मुली," ते म्हणाले, "हा नारळ मी विकत घेतो. वाटेल ते लाव. तुला माहीत नाही ही कोण—"

"अहो," रंगूबाई म्हणाल्या. एवढंच. आणि चांगदेवराव थांबले. शब्द दिला होता.

"सर, सेलसाठी नाहीये," पायल म्हणाली. ती वाईट मुलगी नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

रंगूबाई भिंतीला धरून उठल्या. टेबलापाशी गेल्या. नारळ ठेवला, शेंडी भिंतीकडे करून. खणाची घडी मोडली होती, ती नीट घातली. पदर घमेल्यावर धरून हळूहळू सैल केला आणि तांदूळ आवाज न करता खाली गेले. शेवटी पदराच्या कोपऱ्यात जे चार दाणे अडकले ते त्यांनी झटकले नाहीत. त्यांची गाठ मारली.

"या घराला काही कमी पडायला नको," त्या पायलला म्हणाल्या. "सगळी ठेवलीय. चार दाणे मी नेते."

पायलला काही कळलं नाही. पण ती फाटकापर्यंत सोबत आली, आणि माडाखालून जाताना रंगूबाईंनी पुन्हा खोडाला हात लावला तेव्हा ती काही बोलली नाही.

नाश्त्याची वेळ निघून गेली होती.

बसमध्ये बोंबलांचा वास, मांजरांची चर्चा आणि अंताक्षरी होती. कल्पिता मागून म्हणाली, "काकी, तुमची पिशवी रिकामीच राहिली हो. मला सांगितलं असतं तर माझे बोंबील ठेवले असते." रंगूबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी." चांगदेवरावांनी पिवळा पट्टा काढायचा प्रयत्न केला, पण तो चिकटलेला होता. घड्याळाच्या शेजारी तो तसाच राहिला.

घरी आल्यावर रंगूबाईंनी आधी हात-पाय धुतले. मग स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा उघडला, पदराची गाठ सोडली, ते दाणे आत टाकले आणि डब्यात हात घालून सगळा तांदूळ वरखाली केला. चांगदेवराव दारातून बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पानात भात पडला. एरवी ते भाताला नावं ठेवायचे. कधी चिकट झालाय, कधी फडफडीत झालाय, कधी तुझा डाव आखूड झालाय. त्या दिवशी काही बोलले नाहीत. बारीक घास घेऊन, चावून चावून, जावई पहिल्यांदा पाटावर बसतो तसे ताठ बसून जेवले. रंगूबाईंनी विचारलं, "दात दुखतोय का?" ते म्हणाले, "नाही."

सासुरवाडीचे ते चार दाणे कुठल्या घासात येतील याचा नेम नव्हता. डबा तळाला जाईपर्यंत चांगदेवराव रोज तसेच जेवले.